कोयरीच्या आकाराची कानातली रिंग स्वतः आखतेय, भोकातून नीट सरकत नाही, आकार कसा बसवायचा?

गोदाकाठची:

सगळ्यांना नमस्कार. मी पंचवटीत राहते, काम ग्राफिक डिझाईनचं, त्यामुळे इंकस्केप आणि कोरलड्रॉ ही रेखाटनाची सॉफ्टवेअरं रोजच्या हातातली. कानाच्या वरच्या कडेला जिथे बुगडी घालतात तिथे भोक आहे, टोचून वर्षाच्या वर झालंय, जखम पूर्ण बरी झालीये. मला तिथे साधी गोल बाळी नकोय, मोत्यांची बुगडी आईची आहे ती सणावाराला घालतेच, पण रोजच्यासाठी मला एका सलग तारेतून वळवलेली कोयरी हवीये. पैठणीवर असते तशी, शेंडा एका बाजूला कललेला, आत खडा नाही, मणी नाही, नुसती रेघ. ती रेघ भोकातून आरपार जाईल, कानाच्या कडेला वळसा घालेल आणि बंद होईल.

तर इंकस्केपमध्ये पेन टूलने कोयरी काढली, उंची १५ मिमी आणि रुंदी १० मिमी, प्रिंट काढून सोनाराकडे दिली आणि चांदीच्या १८ गेज (गेज म्हणजे जाडीचा नंबर) तारेत करून घेतली. दिसायला मनासारखी झालीये पण दोन अडचणी आहेत. घालताना सुरुवात छान होते, मग मध्येच अडकते, पुढे ढकलली की कान ओढला जातो आणि मग एकदम सुटते, पुढच्या वळणाला परत तेच. आणि दुसरं म्हणजे आतली मोकळी जागा चित्रापेक्षा बरीच कमी आलीये, कानाच्या कडेला रिंग घट्ट बसते, कुशीवर झोपलं की वळ उठतो. भोकापासून कानाच्या कडेपर्यंत ५ मिमी अंतर आहे.

ही एक रिंग दुरुस्त करून मिळेल हो, पण मला हे आखायचं कसं ते शिकायचंय, कारण यानंतर शंख, बेलाचं पान, चंद्रकोर असं बरंच काही डोक्यात आहे. आकार आखतानाच काय बघायचं की तो भोकातून सरकेल? तार किती लांब कापायची ते आधी कळतं का? आणि यासाठी पुढचं कॅड (मापाने ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) वगैरे शिकावं लागेल की इंकस्केपवर भागेल?


सातपूरवाला:

ताई, मी सातपूरला टूलरूममध्ये ड्रॉइंग करतो, दागिन्यांमधलं फार नाही कळत पण तुमचा अडकण्याचा प्रश्न पूर्णपणे भूमितीचा आहे म्हणून लिहितोय, आणि उत्तर एकदा कळलं की पुढचे सगळे आकार तुम्ही स्वतः बघू शकाल.

भोक म्हणजे एक आखूड नळी आहे. कडक तार त्या नळीतून कुठेही न ओढता सरकायची असेल तर तारेचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याइतकाच वळलेला पाहिजे, म्हणजे तार स्वतःच्याच वाटेवरून पुढे जाते. असे आकार मोजून तीन आहेत, सरळ रेघ, वर्तुळाचा कंस आणि स्प्रिंगसारखा मळसूत्री वेढा. चौथा नाही. पेन टूलने काढलेल्या कोयरीत वळण जागोजागी बदलतं, पोटाशी कमी, मानेशी उलटं, शेंड्याशी एकदम तीव्र, त्यामुळे प्रत्येक बदलाला नळीला म्हणजे तुमच्या कानाला जागा सोडून हलावं लागतं. तुम्ही लिहिलंय की अडकते आणि एकदम सुटते, ते अगदी तिथेच होत असणार जिथे वळण बदलतं.

हे कानावर न करता टेबलावर बघता येतं. साधा पांढरा खोडरबर घ्या, ब्लेडने ३ मिमी जाडीची चकती कापा, जाड सुईने आरपार भोक पाडा आणि तीच रिंग त्यातून हळू फिरवा. चकती हातात न धरता तारेवर मोकळी सोडायची आणि चिमट्याने फक्त पुढे सरकवायची. गोल भागात चकती एका लयीत फिरत जाते, तारेशी कायम काटकोनात. वळण बदललं की चकती आधी तिरकी होते, मग भोक एका बाजूने लांबट होतं आणि रबर ताणलेला डोळ्याला दिसतो. जिथे लांबट झालं तिथे मार्करने तारेवर खूण करा, खुणा झाल्या की ती रिंग तुमच्या इंकस्केपच्या प्रिंटवर ठेवून बघा.

आता आपल्याकडचे जुने दागिने या नजरेने बघा. बुगडीची फिरकी सरळ दांडीवर बसते. नथीचा नाकात जाणारा भाग साधा गोल कंस असतो आणि मोत्यांची सगळी गर्दी बाहेरच्या बाजूला. भिकबाळी तर पूर्ण वर्तुळच. म्हणजे नक्षी कितीही करा, अंगातून जाणारा भाग सरळ किंवा गोल. मला हे फार आवडतं, सूत्र कुणी लिहून ठेवलेलं नाही पण हाताला ते पक्कं माहीत आहे.

म्हणून तुमच्या कोयरीत काय करायचं, तर आकार भोकापासून सुरू करायचा. पोटाचा भाग हा खरोखरचा वर्तुळाचा कंस ठेवा, पेन टूलने नाही, सर्कल टूलने. आणि रिंग उघडायची जागा म्हणजे सांधा त्याच कंसावर ठेवा, भोकात जिथे तार विसावणार तिथून साधारण ४-५ मिमी अंतरावर. मग टोक आत घालायचं, तेवढंच ४-५ मिमी फिरवायचं आणि बंद करायचं. मान आणि शेंडा भोकातून जायची वेळच येत नाही, त्यांना हवा तो आकार द्या. तुमच्या आत्ताच्या रिंगेचा सांधा बहुतेक शेंड्यापाशी असेल, तिथे तो लपतो म्हणून कारागीर तिथेच ठेवतात, पण मग अर्धी कोयरी कानातून ओढून न्यावी लागते.


गोदाकाठची:

सांधा शेंड्यालाच आहे, बरोबर ओळखलंत! खोडरबर आत्ताच करून बघितला, मानेशी जिथे वळण उलटं होतं तिथे भोक चक्क फटीसारखं झालं. आता पोट गोल ठेवून मान आणि शेंडा त्याला जोडायचे कसे? मी सर्कल काढून त्याला पेन टूलने शेंडा जोडला की जोडावर एक बारीकसा कोपरा दिसतो, स्क्रीनवर नाही कळत पण तारेत लगेच कळतो.


कंपासपेटी:

मी नाशिकरोडला दहावीला गणित शिकवते, आणि दहावीच्या पुस्तकातलाच स्पर्शिकेचा धडा इथे जसाच्या तसा लागतोय हे बघून इतका आनंद झाला की सविस्तरच लिहिते.

कोपरा का दिसतो, कारण जोडावर दोन रेघांची दिशा एक नाही. दिशा एक हवी असेल तर रेघ वर्तुळाला स्पर्शिका पाहिजे, आणि स्पर्शिका त्या बिंदूतल्या त्रिज्येला लंब असते. आधी न कललेला, सरळ थेंबासारखा आकार घेऊ. पोटाच्या वर्तुळाची त्रिज्या ५ मिमी आणि शेंडा केंद्रापासून १० मिमीवर, म्हणजे एकूण उंची तुमची तीच १५ आणि रुंदी १०. केंद्र, स्पर्शबिंदू आणि शेंडा यांचा काटकोन त्रिकोण होतो, कर्ण १०, एक बाजू ५, तर पायथागोरसने स्पर्शिकेची लांबी ७५ चं वर्गमूळ म्हणजे ८.६६ मिमी. केंद्रापाशी कोन ६० अंश. दोन्ही बाजूंचे मिळून १२० अंश गेले, उरला २४० अंशांचा कंस, त्याची लांबी २०.९४ मिमी. बेरीज केली की २०.९४ अधिक १७.३२ म्हणजे ३८.२६ मिमी. ही तुमच्या तारेच्या मध्यरेषेची लांबी, कागदावरच मिळाली, तार हातात घ्यायच्या आधी. शेंड्याला टोकदार न ठेवता थोडी गोलाई दिलीत तर अर्धा-एक मिलिमीटर कमी होईल.

आता शेंडा कलवायचा तर दोन सरळ स्पर्शिकांच्या जागी दोन मोठे कंस घ्या. नियम एकच, दोन कंस जिथे एकमेकांना गुळगुळीत भेटतात तो बिंदू आणि दोघांची केंद्रं एका सरळ रेषेत हवीत. कोयरीची बाहेर फुगलेली पाठ पोटाच्या वर्तुळाला आतून स्पर्श करते, तिथे केंद्रांमधलं अंतर म्हणजे त्रिज्यांची वजाबाकी, पाठीची त्रिज्या १५ घेतली तर अंतर १०. आत वळलेली मान बाहेरून स्पर्श करते, तिथे बेरीज, मानेची त्रिज्या ८ घेतली तर अंतर १३. इंकस्केपमध्ये ही पूर्ण वर्तुळंच काढा, स्नॅपिंग चालू ठेवून केंद्रं त्या अंतरावर बसवा, मग नको तो भाग कापून टाका. मानेचं वर्तुळ थोडं वरखाली फिरवलं की शेंडा किती कलतो ते बदलतं, हा खेळ तासभर करावासा वाटेल.

आतली जागा कमी का आली तेही सांगते, कारण इथे एक सुंदर गोष्ट आहे. तारेला जाडी असते, म्हणून एका रिंगेला तीन लांब्या असतात, आतल्या कडेची, मध्यरेषेची आणि बाहेरच्या कडेची. आतली कड आणि मध्यरेषा यांच्यातला फरक पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले तारेची जाडी एवढाच असतो, आणि आकार गोल असो, कोयरी असो, बेलाचं पान असो, रिंग ३ मिमीची असो की ३ मीटरची, हा फरक तोच राहतो, फक्त आतल्या बाजूची वळणं तारेच्या अर्ध्या जाडीपेक्षा तीव्र नकोत. तुमच्या १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी तारेला फरक ३.७७ मिमी. म्हणून ८ मिमी आतल्या व्यासाच्या साध्या बाळीला २५.१ मिमी तार पुरत नाही, २८.९ लागते. तुम्ही १० रुंदी कुठल्या रेघेची दिली होती? ती मध्यरेषा धरली तर आत ८.८ मिमी मिळतात, पण कारागिराने बाहेरची कड धरली असेल तर आत उरले फक्त ७.६.

रेघेची लांबी इंकस्केपच एक्स्टेन्शन्समधल्या मेझर पाथने सांगतं, पण एकदा तरी हाताने काढा, म्हणजे आकडा चुकीचा आला तर डोळ्याला खटकेल.


सुईदोरा:

मी कॉलेज रोडला पिअर्सिंग करते. वरचं सगळं वाचलं, खूप उपयोगी आहे, पण आखायला बसण्याआधी शरीराच्या बाजूचं थोडं ऐका.

वरच्या कडेला कूर्चा असते, पाळीसारखं मऊ मांस नाही. पाळी साधारण दीड-दोन महिन्यांत बरी होते, कूर्चेला ६ महिने ते वर्ष लागतं, आणि बाहेरून बरी दिसली तरी आतून कच्ची असू शकते. तुमचं वर्ष झालंय म्हणून आकारांचा खेळ करायला हरकत नाही, पण हा धागा वाचून कुणी नव्या भोकात चांदीची कोयरी घालायला जाऊ नका. नव्या जखमेत चांदी नको, ती घामाने काळी पडते. नव्या भोकासाठी इम्प्लांट ग्रेड टायटॅनियम मागा, एएसटीएम एफ १३६ हे त्याचं मानक आहे, किंवा निकेल नसलेलं चांगलं सोनं. स्वस्त खोट्या दागिन्यांत निकेल असतं आणि खाज, पुरळ, पाणी येणं हे बहुतेक त्याचंच. पांढऱ्या सोन्यातही निकेल असू शकतं, विचारून घ्या.

दुसरं, दिशा. वरच्या कडेला रिंग घातली की ती कडेला आडवी बसते, म्हणजे आकार समोरून बघणाऱ्याला दिसतो, बाजूने बघितलं तर नुसती उभी तार. पुष्कळ जणी कानाच्या बाजूच्या फोटोवर डिझाईन बसवतात आणि मग घातल्यावर आकार कुठे गेला म्हणून विचारतात. आरशासमोर सरळ उभ्या राहून जो कान दिसतो त्यावर आखा. आणि सेल्फी कॅमेऱ्यावर विसंबू नका, बऱ्याच फोनमध्ये तो फोटो उलटा साठवतो, डावा कान उजवा होतो. गोल बाळीला काही फरक पडत नाही, कललेल्या शेंड्याच्या कोयरीला पडतो.

आतल्या जागेचं म्हणाल तर ५ मिमी अंतर आहे म्हणून ५ मिमी जागा पुरेल असं नसतं, कडेला जाडी आहे आणि कान झोपेत, गरमीत थोडा सुजतो. मी अशा कानाला ८ च्या खाली जात नाही, ९ दिली तर छान. वळ उठतोय तर आत्ताची रिंग काढून ठेवा, रोज दाब पडत राहिला तर तार कडेत रुतायला लागते.


तारकाम:

ताई आमचं सराफ बाजारात पिढीजात काम आहे, मी तारेतच काम करतो, वर मास्तरीणबाईंनी जे लिहिलंय ते आम्ही दोऱ्याने करतो, दोरा आकारावर फिरवायचा आणि सरळ करून मोजायचा, पण तुम्ही कागदावर आधी काढून आणलंत तर कारागिराचं निम्मं डोकं वाचतं म्हणून तुम्ही कागद कसा आणावा ते सांगतो.

पहिलं गेज लिहू नका, मिलिमीटर लिहा. आपल्याकडे तारेच्या बाजारात १८ गेज म्हणजे ब्रिटिश मापाने १.२२ मिमी, आणि हे पिअर्सिंगवाले इंटरनेटवर बघून १८ गेज म्हणतात ते अमेरिकन, ते १.०२ मिमी, त्यांचं १६ म्हणजे १.२९. म्हणजे तुम्ही १८ म्हणालात आणि आम्ही १८ दिली तरी तुमच्या भोकाला ती जाड पडू शकते, दोघांचंही बरोबर असून माल चुकीचा. त्या सुईदोरा ताईंना विचारा भोक किती मिमीचं आहे आणि तेच लिहा.

दुसरं, रेघ एकच काढा आणि तिच्यावर लिहा की ही मध्यरेषा, नाहीतर आम्ही आमच्या सवयीने बाहेरची कड धरतो. प्रत्येक कंसाची त्रिज्या लिहा. सांधा कुठे ते बाणाने दाखवा. कान डावा की उजवा, आणि पुढची बाजू कुठली, कोयरीला हे लागतंच.

आता वळवण्याचं. चांदीची तार तापवून नरम करून वळवली की हवा तो आकार घेते पण तशीच नरम राहिली तर घालताना-काढताना वाकडी होते. म्हणून शेवटी तिला ताठपणा यायला पाहिजे, वळवताना आणि हलक्या हाताने ठोकताना तो येतो. तार साच्यावर वळवून सोडली की थोडी परत उलगडते, किती ते तारेच्या ताठपणावर, म्हणून साचा आतल्या आकारापेक्षा किंचित लहान ठेवायचा आणि एक तुकडा वाया घालवून बघायचा. पक्कडीने प्रिंटवर ठेवून वळवलेल्या तारेला पक्कडीचे दात लागतात, बारीक चरे पडतात, आणि ते चरे भोकात गेले की कान पिकतो. साच्यावर वळवलं तर चरा पडत नाही.

सोनं करणार असाल तर रोजच्या रिंगेला २२ कॅरेट नको, फार मऊ, १८ करा. आणि उघडताना दोन्ही टोकं आडवी ओढून रुंद कधी करायची नाहीत, एक टोक पुढे एक मागे असं बाजूला फिरवायचं, म्हणजे गोलाई मोडत नाही. ओढून उघडलेली रिंग परत तशीच बंद होत नाही, कितीही प्रयत्न करा.


सातपूरवाला:

काकांनी साच्याचं लिहिलं ते फारच मोलाचं आहे आणि तुमच्या इंकस्केपचा खरा उपयोग तिथेच आहे. दागिना प्रिंट किंवा लेझर करायच्या फंदात पडू नका, साचा करा. मध्यरेषा घ्या, आतल्या बाजूला तारेची अर्धी जाडी म्हणजे ०.६ मिमी इनसेट करा, म्हणजे रेघ आत सरकवा, तो साच्याचा आकार. अंबडला किंवा सातपूरला लेझर कटिंगवाले ६ मिमी ॲक्रिलिकमध्ये दहा मिनिटांत कापून देतात. लेझरची स्वतःची रुंदी असते, ॲक्रिलिकमध्ये ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास, ती साच्यातून जाते, तार उलगडते म्हणून साचा किंचित लहान हवाच आहे तर ते तसंच राहू द्या. फक्त ॲक्रिलिकवर तार तापवू नका. आणि लेझरवाल्याकडे स्वतःचा तुकडा नेणार असाल तर पीव्हीसी नको, त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा विषारी वायू निघतो, चांगला दुकानदार स्वतःच नाही म्हणतो.

इंकस्केपमध्ये तीन गोष्टी बघून घ्या. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिमी करा. प्रेफरन्सेसमध्ये बाउंडिंग बॉक्स (आकाराभोवतीची मापाची चौकट) व्हिज्युअल असतो, तो जिओमेट्रिक करा, नाहीतर वर दिसणाऱ्या रुंदी-उंचीत रेघेची जाडीही मोजली जाते, १.२ जाडीची रेघ काढली असेल तर १० दिसतंय ते प्रत्यक्षात ८.८ आहे. मला वाटतं तुमची जागा कमी येण्यात याचाही हात असेल. आणि जुन्या फायली वापरणार असाल तर ०.९२ आवृत्तीत एका इंचाचे ९० पिक्सेलचे ९६ झाले, त्यामुळे जुनी फाइल किंवा जुन्या सॉफ्टवेअरला दिलेली फाइल साडेसहा टक्क्यांनी मोठी-छोटी निघू शकते. सगळ्यावर एकच उपाय, प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ५० मिमीचा चौकोन काढायचा आणि प्रिंटवर, कापलेल्या ॲक्रिलिकवर, सगळीकडे पट्टीने तोच मोजायचा. प्रिंट करताना फिट टू पेज बंद, १०० टक्के.

कॅडचं विचारलंत, एका प्रतलातल्या तारेच्या आकाराला इंकस्केप पुरेसं आहे. त्रिज्या बदलून परत परत बघायचं असेल तर फ्रीकॅडचं स्केचर शिका, फुकट आहे, त्यात स्पर्शिकेची अट लावली की एक आकडा बदलला तरी जोड गुळगुळीत राहतो, मास्तरीणबाईंची बेरीज-वजाबाकी तो स्वतः करतो. शंख करायला घ्याल तेव्हा ते लागेल.


दंडावरची:

मध्येच विचारते, माफ करा. मला दंडासाठी वाकी आखायची आहे, पण दंड गोल नसतो, माझा एका बाजूने ९ सेमी आणि दुसऱ्या बाजूने साडेसात भरतो. इथेही पाय गुणिले व्यासच का?


कंपासपेटी:

तुमच्या वाकीला चालेल! लंबवर्तुळाच्या परिघाचं बिनचूक साधं सूत्र नसतं, पण रामानुजन यांनी १९१४ च्या निबंधात एक अप्रतिम जवळचं सूत्र दिलंय. अर्धे अक्ष क आणि ख धरा. त्यांच्या बेरजेची तिप्पट घ्या, त्यातून (३क + ख) गुणिले (क + ३ख) याचं वर्गमूळ वजा करा आणि पायने गुणा. तुमचे ४.५ आणि ३.७५, उत्तर २५.९७ सेमी. आणि नुसता सरासरी व्यास ८.२५ घेऊन पायने गुणलं तर २५.९२. अर्धा मिलिमीटर फरक, वाकीत तो कळणारही नाही. पण १२ मिमी लांब आणि ४ मिमी रुंद असा डोळ्यासारखा चपटा आकार कानासाठी करायला घेतला तर रामानुजन २६.७ सांगतात आणि सरासरी २५.१, तिथे दीड मिलिमीटर तार कमी पडते, म्हणजे सांधा उघडाच राहणार.

वाकीला हात सरळ आणि कोपरात वाकवलेला अशी दोन्ही मापं घ्या, दंड फुगतो. आणि तोंड उघडं ठेवा.


गोदाकाठची:

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. नवीन आखलंय ते सांगते, बघा बरोबर वाटतंय का. पोटाचा कंस मध्यरेषेला त्रिज्या ५.१, म्हणजे १.२ तारेला आत ९ मिमी, सुईदोरा ताईंनी सांगितले तेवढे. शेंडा केंद्रापासून १०.२, तेच दुप्पट प्रमाण ठेवलं म्हणजे कोन ६० चाच राहतो. सरळ थेंब धरून लांबी ३९.०३ आली. सांधा पोटाच्या कंसावर, भोकापासून ४.५ मिमी. पाठ १५, मान ८, शेंड्याला ०.८ ची गोलाई. बाउंडिंग बॉक्स जिओमेट्रिक केला आणि खरंच, जुन्या फाइलमध्ये रुंदी ८.८ दिसायला लागली.

दोन शंका आहेत. सोन्यात केली तर वजन किती होईल, हॉलमार्क लागेल का? आणि गोल कंसामुळे रिंग आपोआप फिरून शेंडा भलतीकडे जाणार नाही ना?


तारकाम:

वजन तुम्हीच काढू शकता ताई, तारेचा छेद १.१३ चौरस मिमी, गुणिले ३९, म्हणजे ४४ घन मिमीच्या आसपास. १८ कॅरेटची घनता साधारण साडेपंधरा धरा, पाऊण ग्रॅमच्या आतच बसतं, ०.६८. चांदीत ०.४६. हॉलमार्किंगची सक्ती २ ग्रॅमच्या खालच्या दागिन्याला नाही, त्यामुळे सोनं कुठल्या कॅरेटचं हे बिलावर लिहून घ्या आणि ओळखीच्या ठिकाणीच करा. घडणावळ मात्र वजनावर नाही, कामावर पडेल, तेवढं आधी बोलून घ्या.

फिरायचं म्हणाल तर रिंग नेहमी जड बाजू खाली घेते. तार वळवून झाली की बारीक सुईवर जिथे भोक येणार तिथे टांगून बघा, शेंडा कुठे स्थिरावतो ते दिसेल. पाळीत आणि नाकात हे फार जाणवतं, तुमच्या जागी कानाची कड मध्ये येते म्हणून एवढं नाही. तरी फिरलीच तर मान सुरू होते तिथे थांबेल, गोल भागाच्या पुढे भोक सहज जात नाही, जे आधी तुम्हाला अडवत होतं तेच आता धरून ठेवेल.


सुईदोरा:

सांध्याची दोन्ही टोकं बारीक कानशीने सपाट करून कडा मोडून घ्या आणि पॉलिश करून घ्या, सांध्यावरून नख ओढून बघा, नख कुठे अडकलं तर अजून घासायचं. सांधा भोकाच्या आत नको आणि केसांच्या बाजूलाही नको, केस अडकून ओढले जातात, मागच्या बाजूला खाली ठेवा. पहिल्यांदा घालताना टोकाला थोडं निर्जंतुक केलेलं सलाईन लावा, तेल नको. माझ्याकडे मोजायची टेपर सुई आहे, येऊन भोक १.२ चं आहे की १ चं ते बघून जा आणि मगच काकांना तारेची जाडी सांगा, कारण १ मिमी निघालं तर तुमचे वरचे आकडे बदलतील, आत ९ ठेवायचे तर मध्यरेषेची त्रिज्या ५.१ ऐवजी ५ घ्यावी लागेल.


गोदाकाठची:

५ घेतली तर मास्तरीणबाईंचाच पहिला हिशोब, ३८.२६! येते मोजायला.